ट्रंकेवरचा पत्ता

पेंटरमामांची रीत ठरलेली. ब्रश डाव्या अंगठ्याच्या नखावर एकदा पुसायचा आणि मान वर न करता विचारायचं, "पत्ता सांगा, पावणं."

राजारामपुरीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर ट्रंकांचं दुकान आहे. त्याच्या जिन्याखाली बसून पेंटरमामा नव्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव-गाव लिहून देत. फौजेत निघालेली पोरं, हॉस्टेलला जाणाऱ्या मुली, अशी त्यांची गिऱ्हाइकं.

दुपारी काम नसलं की आम्ही चौघं तिथंच एका ट्रंकेवर पत्ते कुटायचो. एकदा डाव रंगात आलेला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, पत्ता टाकायचाय."

मामांनी पानं छातीशी धरली. "चौघं हायत की आधीच. पुढच्या डावाला बसा."

तो बिचारा बसलाही. अर्ध्या तासानं कळलं, त्याची ट्रंक बाहेर रिक्षात होती.

एकदा मलकापूरकडची एक बाई आली. मुलीला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेला. मामांनी पत्ता विचारला. नवरा वारल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढलं होतं. ती भावाकडं राहत होती.

"भावाचं नाव घातलं तर भावजय बोलंल," ती म्हणाली. "नुसतं पोरीचंच लिवा."

आमचा डाव चालूच होता, हुकमाची राणी मामांच्या हातात होती. त्यांनी पानं पालथी ठेवली.

"सुट्टीला पोरगी कुणाकडं येणार?"

"माझ्याकडंच की."

"मग तुमचं नाव सांगा."

मुलीच्या नावाखाली आईचं पूर्ण नाव आणि गाव त्यांनी झाकणभर लिहिलं. रंग वाळेपर्यंत बाई तिथून हलली नाही. आपलं नाव एवढं मोठं तिनं आधी कुठं पाहिलं नसावं.

पुढं मुलीला नोकरी लागली. तिनं आईला पुण्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा दोघी तीच ट्रंक घेऊन आल्या. मामांनी गावावर काळा रंग मारून तिथं पुणं घातलं. नावांना हात लावला नाही.

गेल्या वर्षी मामांचा हात थरथरायला लागला. एका जवानाच्या ट्रंकेवर पहिल्याच अक्षराचा फराटा झाला. त्यांनी ते पुसलं आणि मला हाक मारली.

"धरा ब्रश. तुमचं अक्षर वाईट हाय, पण हात तरी थांबतोय."

मी लिहिलं. ओळ खाली घसरली. मामांनी डोळे बारीक करून पाहिलं. "पोस्टमनला अक्षर लागलं की बास."

मग ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात घातला.

पंधरा दिवसांत ते गेले. एरवी न सांगताच उठून जायचे. ब्रश खिशात घातला त्या संध्याकाळी मात्र माझ्या काउंटरशी थांबून "येतो" म्हणाले होते.