देवरावला ऐकू आलेली शिट्टी

हे मी घरातसुद्धा बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसाला सांगायची छाती मला कधी झालीच नाही.

वाशीमकडच्या मालेगावात माझं गॅरेज आहे. पिकअप, जीप, त्यातही फोर-व्हीलच्या गाड्या जास्त. पार शिरपूर-अनसिंगहून लोक येतात ते माझ्या हातासाठी नाही, कानासाठी. गाडी फाटकातून आत वळली की मी बसल्याजागी सांगायचो — पुढचा जॉइंट गेलाय, नाहीतर शाफ्टचा क्रॉस. वळताना येणारी कट-कट वेगळी, गिअर टाकताना होणारं ठण्ण वेगळं. खोलायच्या आधी भाऊंना ऐकवा, असा रिवाजच पडला होता. मला तो आवडायचा. कुणाला आवडणार नाही?

आणि मग कान गेले. एकदम नाही — एकदम गेले असते तर लपवता तरी आलं असतं का? जाड आवाज येत राहिले, बारीक तेवढे गळाले. पहिल्यांदा कुकरची शिट्टी. बायको करवादायची, मी म्हणायचो, विचारात होतो. इतकी वर्षं कमानपाट्यांवर घण मारले, ग्राइंडर चालवला, त्याचंच हे फळ. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती घट्ट धरून बसलो होतो.

तशात देवराव आला. शिरपूरकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर. त्याआधी तो बायकोसोबत ऊसतोडीला जायचा. गाडी हातात आल्यापासून घराला कुलूप लावून जाणं थांबलं होतं, पोरगी गावातच शाळेत जात होती. मालक शेजारी बसलेला. देवराव म्हणाला, "भाऊ, गाडीनं वेग धरला का खालून बारीक शिटी येऊन राह्यली. पाय काढला का जाते. मले त फोर-व्हीलच्या डब्यातली वाटते." म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा डबा, जो पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देतो. मालक हसला. सोयाबीन काढायची घाई होती, आणि त्याच्या मते देवरावला चिखलात गाडी घालायचा कंटाळा आला होता.

आम्ही वाशीमच्या रस्त्याला लागलो. देवराव सारखा म्हणायचा, "आता ऐका." मी डोळे मिटले, मान तिरपी केली — नाटक सगळं यायचं मला. इंजिन ऐकू येत होतं, टायर ऐकू येत होते. शिट्टी नाही. परत येऊन गाडी जॅकवर चढवली, चाकं फिरती ठेवून लांब पेचकसाचं टोक डब्याला टेकवलं, मूठ कानाला लावली. तरी नाही. डब्यातलं तेल काढून बघितलं असतं तर लोखंडाचा चुरा दिसला असता. पण मी तर आधी ऐकायचो आणि मग खोलायचो! न ऐकता खोललं, तर लोक काय समजतील?

मी हात पुसले आणि मालकाला म्हणालो, "आवाज-बिवाज काही नाही. याच्या कानातच असन."

त्याच आठवड्यात देवरावला गाडीवरून उतरवलं.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, होते माणसाकडून. थांबा. पुढे मालक स्वतःच गाडी चालवायला लागला, आणि एक दिवस डबा भर रस्त्यात जाम झाला. गाडी ओढून माझ्याकडे आणली. डबा मी एकट्यानं खोलला. बेअरिंग जळून निळं पडलं होतं, गोळ्या झिजून गेल्या होत्या. असं काही दोन दिवसांत होत नाही. आता तरी सांगायचं ना? मी मालकाला म्हणालो, शेतातून डांबरीवर आल्यावर फोर-व्हीलचा लिव्हर काढायचा विसरला असाल, त्यानं गेलं. काळ्या मातीतून गाडी काढलेला आमच्याकडचा प्रत्येक जण ते कधी ना कधी विसरतो. मालकानं मान खाली घातली. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो — या वेळी मात्र विचार करून खोटं बोललो.

गेल्या दिवाळीनंतर देवराव बसस्टँडवर दिसला. बायको, पोरगी, बोचकी. टोळीच्या ट्रकची वाट बघत होते. त्यानं मला टाळावं असं फार वाटत होतं. तो उठून आला, तब्येत विचारली. मीही काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, दुसरी गाडी का नाही धरली?

"बोलावलं होतं दोघा-तिघायनं," तो म्हणाला. "मीच नाही गेलो. तुमच्यासारख्याले जे ऐकू येत नाही ते मले येते, म्हंजे माह्याच कानात बिघाड हाय. गाडीत मानसं बसतेत, भाऊ. कोनाचा जीव कायले धोक्यात घालाचा?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरोबर केलं तू, देवराव."