शेठजींचा झेंडूचा हार

नातीने आल्याच्या केकसाठी काकवीची बाटली उघडली आणि त्या जड, किंचित जळक्या गोड वासाने मला वेस्ट विंडसरच्या ओट्यापासून उचलून चाळीस वर्षांमागच्या एका पांढऱ्या घरात नेऊन उभं केलं. तिथे पाहुण्यांना काकवीची बिस्किटं देत. देणारी कोण, तर अस्मादिक!

ऐंशीच्या दशकातली मी म्हणजे उत्साह उदंड, अक्कल बेताची. नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आलेली, नोकरीची परवानगी नाही, म्हणून त्या जुन्या घराच्या म्युझियममध्ये शनिवारी फुकटची गाइड झाले. घर एका जुन्या व्यापाऱ्याचं, माझ्या भाषेत शेठजींचं. आधी जहाजं नि साखर, मग निवडणुका, मग भिंतभर तैलचित्र. साडीखाली लोकरीचे मोजे घालून मी ठसक्यात सांगायचे, "ही वॉज अ सेल्फ-मेड मॅन!" जणू माझे चुलत सासरेच. त्यांच्या जयंतीला तर कहर केला. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार हवा, एवढंच मला ठाऊक. परसातला झेंडू ओवला, शिडीवर चढले आणि शेठजींना हार घातला. वर हातही जोडले! म्युझियम चालवणाऱ्या बाई गहिवरल्या. त्या परक्या गावात मला नावाने हाक मारणारी तेवढी एकच जागा होती.

मग एका रिकाम्या शनिवारी कागदांची पेटी पुसताना शेठजींच्या वडिलांचं मृत्युपत्र हाती लागलं. मुलाला काय दिलं, तर जहाजं, चांदीचे चमचे, तांबडी गाय, मागच्या जिन्यावरच्या खोलीत राहणारी स्वयंपाकीण आणि तिची मुलगी, पितळी कंदील. गाय आणि कंदील यांच्यामध्ये गुलाम म्हणून दिलेली दोन माणसं! नावं होती, आडनावं नव्हती. त्याच जिन्याकडे बोट दाखवून मी पाहुण्यांना "अडगळ" म्हणत आले होते.

बाई म्हणाल्या, "डिअर, लोक इथे छान वेळ घालवायला येतात." नवरा म्हणाला, "अगं, ग्रीन कार्ड व्हायचंय आपलं. गप्प बस की जरा." आणि मी बसले, पुढची जयंती येईपर्यंत. बिस्किटं वाटत. बाकीच्या मूर्खपणाला मी खुशाल हसते. त्या गप्प बसण्याला अजून हसता येत नाही.

जयंतीला पुन्हा हार ओवला. शिडी लावलेली, बाई कॅमेरा घेऊन सज्ज. मी तैलचित्रासमोरून सरळ स्वयंपाकघरात गेले, मागच्या जिन्याच्या कठड्याला हार बांधला आणि त्या मायलेकींची नावं मोठ्याने उच्चारली. उच्चार पुणेरी, आवाज खणखणीत. "वडिलांनी वारशात माणसं दिली, त्याला सेल्फ-मेड म्हणत नाहीत," एवढंही सांगून टाकलं. संध्याकाळी फोन आला. माझे शनिवार कॅन्सल.

"आजी, दे फायर्ड यू?" नातीचे डोळे विस्फारले.

"फुकटच्या कामावरून काढलेली आपल्या घराण्यातली पहिली बाई आहे मी!"

ग्रीन कार्ड आलं, रखडत का होईना. पुढे हिंडायला शेकडो शनिवार मिळाले, पण त्या एका शनिवाराइतकी ताठ मी पुन्हा कधी चालले नसेन. नातीला आज ती दोन नावं म्हणायला लावली. तिने माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ म्हटली, आणि मग काकवी ओतताना, न सांगता, पुन्हा एकदा म्हटली.