अडुसष्ट किलो

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. एरवी धावपट्टीवर झाडूवालीपासून वैमानिकापर्यंत सगळे त्यांना काटेकाका म्हणत. नवख्या माणसाला वाटायचं, आडनाव काटे असणार. आडनावाचा काही संबंध नव्हता. पलीकडच्या बेटावर जाणारं विमान अगदी छोटं होतं, वैमानिक धरून सहा जणांचं, आणि त्यात चढण्याआधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं राहावं लागे. त्या काट्यापाशी हे गृहस्थ एकतीस वर्षं बसले होते.

एवढ्याशा विमानात कोण कुठे बसतं त्याला फार महत्त्व. पुढे भार जास्त झाला तर नाक जड, मागे झाला तर शेपूट जड. काटेकाका एका कागदावर सहा चौकोन काढत, प्रत्येकात पेन्सिलीने आकडा लिहीत आणि हळू आवाजात सांगत, "ताई, तुम्ही मधे. साहेब, तुम्ही मागे डावीकडे." काट्याची तबकडी त्यांनी स्वतःच्या बाजूला वळवून ठेवली होती. आकडा दुसऱ्या कुणाला दिसत नसे आणि त्यांनी तो कधी कुणाला सांगितलाही नाही. गावातल्या निम्म्या लोकांची वजनं पोटात ठेवून हा माणूस बाजारात हिंडायचा.

काट्यावर उभं राहिलेलं माणूस त्यांना आरपार कळे. कुणी आधी खिशातल्या किल्ल्या काढून ठेवी, जणू त्या किल्ल्यांनीच विमान पडणार होतं. कुणी श्वास आत ओढून उभं राही. बेटावरची शाळा तपासायला दर महिन्याला एक साहेब जात. ते दर वेळी विचारत, "आज हवा कशी आहे हो?" काका म्हणत, "झकास आहे." की साहेबांचा चेहरा पडलाच, हवा खराब असती तर घरी परतता आलं असतं. एकदा एक म्हातारी भिंतीवरचं मोठं घड्याळ मांडीवर घेऊन जायला निघाली. सामानात ठेवा म्हटलं तर ऐकेना. "हातात असू दे," ती म्हणाली, "काही झालं तर किती वाजता झालं ते तरी कळेल." आणि जे पहिल्यांदा जात, ते विमानाकडे चालताना हटकून एकदा मागे वळून बघत. घराकडे नाही, काटेकाकांकडे. काका मान हलवत. तेवढ्याने लोकांना धीर येई.

परत आलेल्या प्रत्येकाला काका एकच विचारत, "काय दिसलं?"

लोकही सांगत. कुणी सांगे, समुद्र काठाशी हिरवा आणि पुढे एकदम शाईसारखा निळा होतो, मधली रेघ कुणी पट्टीने आखावी तशी. कुणी सांगे, आपल्या विमानाची सावली खाली पाण्यावरून पळत असते आणि बोट आडवी आली की तिच्यावरून टुणकन उडी मारते. ती म्हातारी म्हणाली, "ढगांच्या मधे खोल्या असतात रे, दिवाणखान्याएवढ्या. कुणी राहत नाही." काका हे सगळं मनात साठवत. दुपारी विमान बेटावर गेलेलं असलं आणि पत्र्याच्या छपराखाली बाकं रिकामी पडली, की ते खुर्चीत मागे रेलून डोळे मिटत आणि लोकांकडून गोळा केलेले तुकडे जोडत जोडत बेटापर्यंत जाऊन येत. किनारा, हिरवं पाणी, ती रेघ, ढगातल्या रिकाम्या खोल्या. पंचवीस मिनिटांचा प्रवास, पंचवीसच मिनिटं लागत.

स्वतः मात्र ते एकतीस वर्षांत एकदाही विमानात बसले नव्हते.

याला तसं मोठं कारण काही नव्हतं. अपघात कधी झाला नव्हता, जवळचं कुणी गेलं नव्हतं. पण संध्याकाळी विमान छपराखाली घ्यायचं असलं की काका ते स्वतः ढकलत. पंखामागे हात लावला, थोडा जोर दिला, की विमान मुकाट चालू लागे. "जी वस्तू मी एका हाताने ढकलतो," ते बायकोला म्हणत, "तिच्यात बसून मी समुद्रावर जाऊ?"

बायको टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, बोलायला खमकी. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन त्या बेटावरच राहत होती. बायको तिच्याकडे मजेत विमानाने जाई, खिडकीला नाक लावून. काका पाच तास बोटीने जात आणि उतरल्यावर अर्धा दिवस पोट धरून पडून राहत. "लोकांना पाठवतोस वर हसत हसत," बायको म्हणायची, "आणि स्वतः उलट्या करत येतोस. जावयासमोर माझी शोभा." काका म्हणत, "कुणीतरी खाली राहायला नको का?"

त्या दिवशी सकाळी सातलाच रेडिओवाल्या बाईंनी निरोप आणला. बेटावरच्या दवाखान्यात एक बाळंतीण अडली होती, पोट उघडून मूल काढावं लागणार होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथे होत्या. भूल देणारे डॉक्टर हवे होते आणि ते या तीरावर राहत. विमान खास त्यांच्यासाठी जाणार होतं.

वीस मिनिटांत डॉक्टर आले. माणूस दाराएवढा. काट्यावर चढले तसा काटा एकशे अठरावर जाऊन थरथरला. हातात एक छोटी बॅग, बाकी सामान नाही. एवढा देह मागच्या अरुंद दारातून आत जाण्यातला नव्हता, त्यांना पुढेच बसवावं लागणार. काकांनी कागदावर चौकोन काढले, पुढच्या दोन्हीत आकडे लिहिले आणि पेन्सिल थांबली. मागचे चारही रिकामे.

"नाक जड होतंय," ते वैमानिक बाईंना म्हणाले.

बाई चाळिशीच्या, केस आखूड कापलेल्या, कधी घाई न करणाऱ्या. त्यांनी कागद बघितला. "वाळूच्या पिशव्या टाका की मागे."

"पिशव्या बेटावर. काल येताना विमान भरलेलं होतं, तुम्हीच उतरवून ठेवल्यात."

बाईंनी कपाळावर हात मारला. क्षणभर दोघं इकडेतिकडे बघत राहिले. पाण्याचे डबे होते, ते हिंदकळले असते. विटा होत्या, त्या बांधायच्या कशाने? रेडिओवाल्या बाईंना जागा सोडता येत नव्हती. आणि डॉक्टर घड्याळ बघत होते.

"काका," वैमानिक बाई म्हणाल्या, "तुमचं वजन किती?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आणि गंमत अशी, की त्यांना उत्तरही माहीत नव्हतं. काट्याशेजारी जन्म काढून ते स्वतः त्याच्यावर कधी चढले नव्हते. ते चपला काढून उभे राहिले. तबकडी नेहमीप्रमाणे खुर्चीकडे वळलेली, म्हणून बाईंनी वाकून वाचलं. "अडुसष्ट. नेमके हवे तेवढेच आहात."

काकांना काहीतरी बोलायचं होतं. गुडघा दुखतो, छपराला कुलूप लावायचंय, बायकोला सांगितलं नाही. पण जिला वेळेवर भूल मिळायला हवी होती ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोर आली. ओळख ना पाळख, आपल्या मुलीएवढी असेल. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

मागच्या डाव्या खुर्चीत, पट्टा घट्ट आवळून, कानांवर मोठाले हेडफोन लावून ते बसले. विमान धावू लागलं तेव्हा त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवरच्या शिवणी मोजल्या. एकोणीसपर्यंत आले आणि खालचा खडखडाट एकदम बंद पडला. वर गेल्याचं कळलं ते त्या शांतपणामुळे. इंजिन गुरगुरत होतं, पण जमीन बोलायची थांबली होती.

हेडफोनमध्ये कुणीतरी पुटपुटत होतं. "दहा... नऊ... आठ... सात..."

"कोण मोजतंय?" काकांनी विचारलं.

"मी," डॉक्टरांचा आवाज आला, अगदी बारीक. "रोग्यांना सांगतो ना आम्ही, उलटे आकडे म्हणा. ते पाचच्या पुढे जात नाहीत, झोपतात. मी चौथ्यांदा म्हणतोय."

दाराएवढा माणूस डोळे गच्च मिटून बसला होता. काटेकाकांना घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते पाठ होतं. स्वतःची भीती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं, तेवढ्यात दुसऱ्याची हाताशी आली, तसा त्यांचा आवाज नेहमीसारखा खाली आला. "डॉक्टरसाहेब, डोळे मिटलेलेच ठेवा. मी सांगतो काय आहे ते. आता किनारा मागे पडतोय. खाली पाणी हिरवं आहे. आता एक रेघ येईल, पट्टीने आखल्यासारखी."

हे त्यांनी खिडकीबाहेर न बघताच सांगितलं. दुपारच्या त्या खुर्चीत किती वेळा सांगितलं होतं, स्वतःलाच. मग वाटलं, खोटं नको पडायला, म्हणून मान वळवली. रेघ होती. अगदी तिथेच होती.

ते सांगत गेले. लाटा वरून हलत नाहीत, कुणी पाण्याला इस्त्री करायला घेतली आणि अर्ध्यात सोडली तशा दिसतात. एक बोट आहे, तिच्यामागे पांढरी शेपटी आहे, पण बोट जागची हलत नाही. आपणही हलत नाही, डॉक्टर, आपण नुसते इथे आहोत. डॉक्टरांचं मोजणं थांबलं होतं.

मग खाली ढगांचा थर लागला, पांढरा, सपाट, नजर पोचेल तिथवर. सूर्य उजवीकडे खाली होता. डावीकडे त्या पांढऱ्यावर विमानाची सावली पडली होती, बोटभर. आणि सावलीभोवती एक गोल होता. पूर्ण गोल, इंद्रधनुष्याच्या रंगांचा, बाहेरून तांबूस, आतून निळसर. तो सावलीबरोबर चालला होता, जराही आवाज न करता.

काका खिडकीकडे सरकले.

"काय झालं?" डॉक्टर दचकून म्हणाले. "काका? बोला ना."

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," काका म्हणाले. "रंगांचं कडं आहे. सावलीला. बरोबर आपल्या शेपटीभोवती, मी बसलोय तिथे."

वैमानिक बाईंनी डावीकडे खाली पाहिलं आणि हसल्या. "मला ते पुढे दिसतंय, माझ्याभोवती. जो बघतो त्याच्याभोवती असतं ते, काका. प्रत्येकाला आपापलं."

डॉक्टरांनी एक डोळा उघडला, मान लांब करून पलीकडे पाहिलं आणि कितीतरी वेळ मिटला नाही. काका काचेला कपाळ लावून बसले. भीती गेली नव्हती, पण एवढ्या मोठ्या उजेडात ती कुठेतरी कोपऱ्यात बसून होती, पहिल्यांदा प्रवासाला निघालेल्या पाहुण्यासारखी. ढग संपले तसं कडं पुसलं गेलं आणि बेट आलं.

धावपट्टीवर गाडी उभीच होती. डॉक्टर पळत सुटले, एवढा देह असून. दुपारपर्यंत दवाखान्यातून निरोप आला: मुलगी झाली, आई शुद्धीवर आहे, पाणी मागतेय.

काका मात्र त्याआधी चालत लेकीच्या घरी गेले. तिने दार उघडलं, हातात फणी, केस अर्धे विंचरलेले. वडिलांकडे बघितलं, मग त्यांच्यामागे रस्त्याकडे.

"बाबा? बोट तर दुपारी येते!"

"हो ना," काका म्हणाले. "मी जरा लवकर आलो." आणि मग उंबऱ्यातच हसत सुटले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

परतताना मात्र बोटच धरली. मुलगी म्हणाली, विमानाने जा की, पण काकांनी ऐकलं नाही. एका दिवसात एवढं पुष्कळ झालं, म्हणाले. घरी पोचले तेव्हा बायको जेवायची खोळंबली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. विमान, डॉक्टर, आकडे, यावर ती पोटभर हसली. कड्याचं आलं तसा तिचा चेहरा बदलला.

"पुन्हा सांग. पूर्ण गोल?"

"पूर्ण गोल."

"एकवीस वेळा गेलेय मी," ती म्हणाली. "नाक चपटं होईस्तोवर खिडकीला चिकटून. मला एकदाही नाही, आणि तू भित्रा पहिल्याच फेरीला बघून आलास!" ती खरंच रागावली होती. दोन दिवस चहा पुढ्यात आदळत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात दोघांनी मिळून जायचं, विमानाने, सकाळच्या फेरीला, आणि तिला डावी खिडकी हवी.

काका हो म्हणाले. जायच्या दिवशी त्यांच्या जागी रेडिओवाल्या बाईंनी काटा सांभाळला, दोघांना मागे शेजारी शेजारी बसवलं. आकाश धुतल्यासारखं निघालं, ढगाचा मागमूस नाही. बायको जरा वेळ कुरकुरली, मग खाली बघण्यात रमली. बोलता बोलता तिने वळून पाहिलं तर काका झोपले होते. तोंड उघडं, हात मांडीत, पट्टा सैल. जन्मभर हे विमान जमिनीवरून ढकलणारा माणूस समुद्रावर गाढ झोपला होता.

तिने त्यांची कलंडलेली मान सावकाश आपल्या खांद्यावर घेतली आणि उरलेला समुद्र एकटीने बघितला.