पऱ्हाटीवरची पांढरी झेंडी

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. छप्पनला आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगारे-धुपारे, भूतबाधा सगळं बंद. वस्तीत कुणी दारावर लिंबू-मिरची टांगली की समजावायला मीच पुढे असायचो. म्हणूनच हे पुढे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. राळेगाव तालुक्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, हेलिकॉप्टरने औषध फवारणं चालू होतं. मी झेंडीवाला. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पांढरी झेंडी घेऊन उभं राहायचं. ती वर दिसली की पायलट त्या रेघेत येणार, खाली असली की नाही येणार — एवढंच काम. पायलटसाहेब पंजाबकडचे, मोठे मायाळू. रोज सकाळी आपल्या थर्मासमधला अर्धा चहा मला द्यायचे.

त्या दिवशी दहाच्या सुमारास डोक्यावर हेलिकॉप्टरचा आवाज आला. मग तो अडखळला, दोनदा फटफटला... आणि बंद. वर पाहिलं तर आभाळ मोकळं. हेलिकॉप्टर तर दूर माळावर उभं होतं, टाकीत औषध भरणं चालू होतं.

शेजारच्या वावरात बायका तण निंदत होत्या, त्यात माझी बायको शांता. सगळ्यांना मी नाल्याकाठच्या बाभळीखाली नेलं. का, ते सांगितलं तशा त्या हसायला लागल्या.

तेवढ्यात हेलिकॉप्टर उठलं. माझा हात खालीच. साहेबांनी एक चक्कर मारली, पुन्हा वळले. मागून शांता म्हणाली, "आमाले सांगता भूत-गीत काई नसते, अन् आता सोताच भेऊन राह्यले?"

मी झेंडी वर केली.

अर्ध्या रेघेत तोच आवाज — अडखळला, दोनदा फटफटला, बंद. बायका आधी ज्या वावरात निंदत होत्या, नेमक्या त्याच वावरात हेलिकॉप्टर कोसळलं. साहेब जागीच गेले. मशीनमधला एक भाग तुटला, असं चौकशीत निघालं.

शांता शेवटपर्यंत म्हणायची, "तुमी होते म्हनून आमी वाचलो." त्या दिवशी स्वतः काय बोलली ते ती विसरली होती. मीही कधी आठवण करून दिली नाही.

तो पहिला आवाज कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. झेंडी का वर केली, ते मात्र पक्कं माहीत आहे. चार बायका हसल्या म्हणून.