सबिताच्या तोंडी मायची हाक

सौंदडच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा माय खिडकीबरोबर चालत होती. रडत वगैरे नव्हती. जेवणाच्या डब्यात काय काय आहे ते तिचं तिसऱ्यांदा सांगून झालं होतं. बाबूजी मागे बाकाजवळ उभे होते, ऊन लागल्यासारखे डोळे बारीक करून. "पोचली की पहिले जेवजो वो बाई," माय म्हणाली आणि फलाट संपला. बल्लारशाला गाडी बदलून मी हैदराबादला आले, औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला लागले.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल, मला यंत्रांची भीती वाटली असेल. मला भीती वाटली माणसांची. पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळ्या पांढऱ्या गाऊनमध्ये, टोपी, मास्क, वर चष्मा. कोण कुठली, काही कळायचं नाही. आमच्या सुपरवायझर लक्ष्मीअक्कांनी त्यावर एक रीत पाडली होती. आत शिरताना प्रत्येकीने दुसरीची विचारपूस तिच्या भाषेत करायची. अक्कांना तेलुगूत "बागुन्नारा?", ओडिशाच्या सबिताला "खाइलो कि?" जिच्याकडून उत्तर यायचं तीच ती, असा माणूस ओळखू यायचा. सुरुवातीला मी सगळं उलटसुलट बोलायचे आणि सगळ्या मास्कच्या आत फिदीफिदी हसायच्या.

माझी पाळी आली तेव्हा मी नमस्कार शिकवला नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला नमस्कार कोण करतं? माय फोनवर पहिलं वाक्य बोलायची तेच शिकवलं, "जेवली का वो बाई?" तेही मायच्याच सुरात. 'वो'वर आवाज चढवायचा, 'बाई' लांबवायचं, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून खाली धानाच्या बांधीतल्या बाईला हाक मारावी तसं. सबिताला मराठी ओ की ठो कळत नाही, पण तिने तो सूर हुबेहूब उचलला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत माय गेली. सकाळी छातीत कळ आली, गोंदियाच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोहोचले ती तिच्या मातीला. तिचा फोन साधा बटणांचा होता. तिचा आवाज भरून ठेवावा असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. फोटो आहेत दोन-चार. फोटो काय बोलतात?

तेरवी करून कामावर आले. पहिल्याच दिवशी पाठीमागून आवाज आला, "जेवली का वो बाई?" मी वळले. गाऊन, मास्क, दोन डोळे. क्षणभर ते डोळे कुणाचेही असू शकले असते. माझे हात थांबले, गोळ्यांच्या पट्ट्या पुढे साचत गेल्या आणि अक्कांनी मला बाहेर नेऊन बसवलं. मी सबिताला सांगितलं, हे पुन्हा म्हणू नकोस.  मग काही दिवस मी हॉलमध्ये शिरायचे तेव्हा मला कुणीच काही विचारायचं नाही, आणि तेही सोसवेना. शेवटी मीच तिला म्हटलं, विचार बाई.

इकडे घरी बाबूजींचं जेवण सुटलं होतं. "दोन घास खातेत अन् ताट सरकवून देतेत. आमी म्हनून म्हनून थकलो," वहिनी फोनवर सांगायची. एकदा दुपारी कँटीनमध्ये मी बाबूजींशी बोलत असताना सबिता आली आणि सवयीने म्हणाली, "जेवली का वो बाई?"  पलीकडून बाबूजींनी विचारलं, "कोन बोलली वो?" मी सांगितलं, सबिता, माझ्यासोबत कामाला आहे. "हां," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं वहिनीने आनंदाने कळवलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन यायला लागला. बोलायचे नाहीत. हाक ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. घरात सगळे खूश होते. माझ्या मात्र अंगावर काटा यायचा.

या उन्हाळ्यात सबिताच्या नवऱ्याने कायमचं गावी परतायचं ठरवलं. मैत्रीण जाते याचं दुःख होतंच, पण मला धास्ती बसली ती बाबूजींच्या ताटाची. मी तो सूर लावून पाहिला तर लागेना. इथे दिवसभर हिंदी बोलून जीभ सपाट झाली आहे. मग सबितानेच मला शिकवलं. "ऐसे नहीं दीदी, ऊपर से छोड़ो," म्हणायची, स्वतः म्हणून दाखवायची आणि मी तिच्यामागून म्हणायचे. माझ्या मायचा आवाज मी एका ओडिया बाईकडून शिकत होते. हसावं की रडावं, कळत नव्हतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा फोन आला. मी मोबाईल तोंडापासून लांब धरला, मान वळवली आणि मलाच विचारलं, "जेवली का वो बाई?"

 बाबूजींनी फोन ठेवला नाही. माझ्याशी कधी बोलले नव्हते इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "जेवली आपली पोरगी. चाल, आपन बी बसू."

दिवाळीला ये, असं वहिनी म्हणते. घराची आठवण मला रोज येते. पण आता तिथे जायची भीती वाटते. मी दारात उभी राहून माझ्या आवाजात "बाबूजी" म्हटलं, की मग दुपारी ताटावर ते कुणाच्या हाकेची वाट पाहत बसतील?