करडईच्या शेतीदिनातली भजी

भज्यांचा पहिला घाणा निघाला आणि सुमनबाईनं तेलाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, हे तेल कोनतं व्हय?"

डब्यावर ठळक लिहिलं होतं, पामतेल. वर आमचं बॅनर, 'तेलाची आयात घटवा'. मंडपात कोणीतरी फिसकन हसलं.

मी कृषी सहायक. इंझोरीच्या शेतीदिनात नुकताच भाषण ठोकून बसलो होतो. आपल्या कढईतलं बरंचसं तेल बोटीनं बाहेरून येतं. त्याचे डॉलर मोजावे लागतात. देश विकतो कमी आणि आणतो जास्त, की व्यापारात तूट येते. त्या तुटीत पेट्रोल-डिझेलच्या कच्च्या तेलाबरोबर हे खायचं तेलही असतं. "करडई पेरा, डॉलर वाचवा!" टाळ्याही पडल्या होत्या.

"माह्या घरात सात पोते करडई पडून हाये," सुमनबाई म्हणाली. "मंगरूळचा व्यापारी हात लावून नाही राह्यला. अन् तुमी पामतेलात भजे तळून राह्यले! माल नाही गेला तं आमाले उन्हायात पुन्याले कामाले जा लागते."

मला लाज वाटली. हरभरा सोडून तिनं तीन एकर करडई माझ्याच शब्दावर पेरली होती. काट्यांपायी मजूर येईनात, म्हणून नवरा-बायकोनं हातमोजे घालून सोंगली होती.

तिथूनच तालुक्याला फोन लावला.

"सर, ही करडई घेणार कोण?"

"आपलं टार्गेट पेरणीचं होतं. झालं ना?"

"झालं."

"मग रिपोर्ट पाठवा."

मग तिचं तेलच काढून घ्यावं म्हणून कामरगावच्या तेलघाणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दहा पोत्याखाली मशीन नाही लावत. आधी मशीनमधलं शेंगदाण्याचं तेल धुऊन काढा लागते." तीन पोती कमी.

सुमनबाई म्हणाली, "धुऱ्यावरची हाये ना!"

धुरा म्हणजे बांध. आमच्याकडे हरभऱ्याच्या कडेनं करडईच्या एक-दोन ओळी टाकतात, काट्यांमुळे ढोरं आत शिरत नाहीत. ते दाणे घरोघरी पडून असतात. इतकी वर्षं याच बांधांवरून फिरलो, पण रिपोर्टात धुरा मोजत नाहीत, म्हणून मलाही दिसला नाही. दोन दिवसांत तिनं तीन पोती जमवली. घरचं तेल मिळतंय म्हटल्यावर कोणी नाही म्हणालं नाही.

तिचं तेल गावातच खपलं. पुण्याला जाणं टळलं. देशाची तूट आमच्या दहा पोत्यांनी हलली नसणार. मी मात्र आता बियाणं वाटायच्या आधी घाणीवाल्याला फोन करतो.

यंदाच्या शेतीदिनाचं बोलावणं द्यायला गेलो, तर सुमनबाईनं दारातच बजावलं, "भाषन तुमी करा, साहेब. भजे मी तळतो."