काट्यातली चौकट

सगळे त्यांना चौकटमावशी म्हणत, कारण लाकडी चौकट खांद्यावर टाकून माळावर हिंडणं हीच त्यांची नोकरी. चौकट मीटरभर लांब, मीटरभर रुंद, आत दोऱ्यांची जाळी आणि जाळीला शंभर गाठी. ती जमिनीवर टेकवायची आणि किती गाठींखाली हिरवं आहे ते मोजायचं. खाणीने खणलेली जमीन बुजवून पुन्हा हिरवी करायची होती. किती हिरवी? तर शेजारच्या न खणलेल्या माळाइतकी. तो आकडा काढणं मावशींच्या गळ्यात पडलं.

चौकट कुठे ठेवायची हे मात्र आपल्या मर्जीवर नव्हतं. डब्यातून चिठ्ठी काढायची आणि ती सांगेल तितकी पावलं चालायचं. अशा साठ जागा झाल्या, सरासरी आली बेचाळीस. कागद सहीला गेला.

त्या दिवशी सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या नजरेतून सुई सुटत नसे. "साठ ठिकाणी फिरलीस आणि पँटला एक काटा नाही? माळ आधी झाडून घेतला होतास का?"

मावशींच्या तेव्हा लक्षात आलं. चौदा चिठ्ठ्या काटेरी झुडपांत पडल्या होत्या आणि त्यांनी चौकट शेजारच्या मोकळ्या जागेत टेकवली होती. पण जनावरं तोंड घालत नाहीत तिथेच तर गवत माजतं! दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेबांनी बिनपाण्याने केली. मावशी त्या चौदा जागा नव्याने मोजायला गेल्या. आकडा झाला बावन्न.

खाणीचे इंजिनिअर हसले. बुजवलेल्या मातीत बावन्न आले तर मिशी उतरवीन, म्हणाले. दरवर्षी बुजवलेल्या जमिनीचा आकडा कमी पडे आणि दरवर्षी बोट मावशींकडे वळे. अकराव्या वर्षी वरून ठरलं, की यंदाही जमलं नाही तर जुने बेचाळीसच धरायचे. मावशी त्याच महिन्यात निवृत्त होणार होत्या. आपला खरा आकडा आपल्यादेखत खोटा पडणार, या विचाराने त्यांची झोप उडाली.

बुजवलेल्या उतारावर एकोणसाठ जागा मोजून झाल्या. सरासरी बावन्न यायला आता शेवटच्या चौकटीत निदान एकोणऐंशी गाठी हव्या होत्या. चिठ्ठीने नेलं ते थेट बोरीच्या जाळीत.

इंजिनिअरांना दया आली. "मावशी, या वयात नका आत शिरू. शेजारी ठेवा."

"शेजारी ठेवायची असती, तर तुम्ही अकरा वर्षांपूर्वीच सुटला असता."

चौकट पुढे सरकवत त्या रांगत आत गेल्या. बाही फाटली, केस अडकले. त्यांनी दोनदा मोजलं आणि आतूनच ओरडून सांगितलं, "ब्याऐंशी!" इंजिनिअर मिशीवरून हात फिरवत राहिले. मावशींना आनंदाने रडू फुटलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

घरी सासूबाईंना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी सुनेचा हात मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपत एकेक काटा काढून बशीत टाकला.

"सतरा," त्या म्हणाल्या. "आता सांग तुझा आकडा."